झोळ्या उतरवा

मला पावसाची भीती वाटत नाही. विजेचीही फारशी नाही. वीज पडायची असेल तर कळायच्या आत सगळं संपलेलं असेल, असं मी मनाला समजावून ठेवलंय. मला भीती वाटते ती वाऱ्याची. वैशाखातली दुपार कलली, आभाळ मातकट व्हायला लागलं आणि झाडाचं पानही हलेनासं झालं की आजही मी चारदा दारात जाऊन आभाळ बघून येते. हातातलं काम सुटत नाही, पण चित्त थाऱ्यावर नसतं. भाकरी करपते. घरातले हसतात. हसू देत. ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर कधी उडालं नाही त्यांना हसायला काय जातं!

माझं माहेर महाळुंगे पडवळचं. तिथं आमचं घर भर गावात, भिंतीला भिंत लागून. वारं आलं तरी गल्लीबोळात शिरेपर्यंत दमायचं. लग्न होऊन मी खोडदच्या बाजूला आले तर इथं घर मळ्यात, सगळीकडून उघडं. शेजार म्हणाल तर दोन वावरं ओलांडून चुलत जावेचं घर, आणि त्याच्या पुढं बांधाबांधानं अजून चार-पाच घरं. एवढीच वस्ती. घरात आम्ही दोघं नवरा-बायको आणि माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. मीही आत्याच म्हणायचे.

आमच्या वस्तीवरून दुर्बिणीच्या तबकड्या दिसायच्या. लोखंडी जाळीच्या, देवळाच्या कळसाला खाली बघायला लावतील एवढ्या उंच. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास मी नांदायला आले तेव्हा त्या नुकत्याच उभ्या राहत होत्या. आभाळातलं काय काय त्यांतून ऐकू येतं म्हणे. आम्हाला त्यांतलं काही कळत नव्हतं. पण वस्तीवरचा एकजण तिथं मजुरीला जायचा, त्यानं एकदा सांगितलं की वारा फार व्हायला लागला की जाळीला धक्का बसू नये म्हणून तबकड्यांचं तोंड सरळ वर करून ठेवतात. झालं! शास्त्रज्ञ तबकड्यांतून तारे बघत असतील ते असोत, आम्ही त्यांत वारा बघायला लागलो.

हे काम आपसूकच चुलत जावेकडं गेलं, कारण तिच्या ओट्यावरून सगळ्यात जवळची तबकडी समोर दिसायची. उन्हाळ्यात कांदा काढून वावरात पडलेला असायचा. अशा दिवसांत ती दळता-कांडता मान वर करून बघायची आणि तबकडी वर वळताना दिसली की परात घेऊन बडवायला लागायची.

"तबकडी उताणी झालीऽऽ! आवराऽऽ!"

मग सगळ्यांची पळापळ. कुणी कांद्याच्या ढिगावर प्लास्टिकचा कागद ओढायचं, कुणी गुरं झाडाखालून सोडायचं. बायका आधी चुलीवर पाणी ओतायच्या, कारण वाऱ्यानं एक ठिणगी उडाली की कडब्याची गंज पेटलीच. स्वतःचं आवरून झालं की दुसऱ्याच्या ढिगाकडं पळायचं, मग त्याच्याशी बोलणं असो नसो. बांधावरून वर्षभर भांडणारे दोघं भाऊ एकाच कागदाची दोन टोकं धरून उभे असलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. वारं गेलं की पुन्हा भांडायला मोकळे. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा वारं आधी यायचं आणि तबकडी मागाहून वळायची. पण एकदा श्रद्धा बसली की बसली.

आत्यांची श्रद्धा मात्र निराळी होती. गारा पडायला लागल्या की दारातून अंगणात लोखंड टाकायचं, म्हणजे गारा थांबतात, अशी त्यांच्या माहेरची रीत. त्या आपला विळा टाकायच्या. मी दहावीपर्यंत शिकलेली, त्यामुळं जिभेला हाड नाही.

"आत्या, इळ्याला भिऊन गारा परत वर जात्यात व्हय?"

"तुजं शिक्षान राहू दे तुज्यापशी," त्या म्हणायच्या, "आमचा इळा आमच्यापशी."

आणि गारा कधी ना कधी थांबायच्याच, त्यामुळं दर वेळी त्यांचंच खरं व्हायचं.

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही जुनं कौलारू घर उतरवलं आणि पत्र्याचं बांधलं. जुन्या घराला सागाची तुळई होती, एका माणसाच्या कवेत जेमतेम मावेल अशी. नव्या घराला वर लोखंडी पाइप आणि त्यांच्यावर पत्रे. पाइप भिंतीत मातीतच बसवले होते, सिमेंट पुढच्या साली करू म्हणून. पत्र्यावर धोंडे ठेवले होते. सगळ्यांचे असायचे. त्याच साली मला मुलगी झाली.

पहिल्या नातवंडाची झोळी आजीच्या जुन्या लुगड्याची करायची, ही पण आमच्याकडची रीत. आत्यांनी ट्रंकेतून आपलं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं काढलं, दुहेरी केलं आणि झोळी बांधली. कुठं बांधली? वरच्या पाइपाला. जुन्या घरात झोळी वर तुळईला बांधायचे, म्हणून नव्या घरातही वरच बांधली. त्या 'वर'चं आता काय झालंय, हे आत्यांच्या मनात आलं नाही, माझ्या आलं नाही, बाळ बघायला आलेल्या एकाही माणसाच्या आलं नाही. सगळ्या वस्तीत पत्र्याची घरं झाली होती आणि सगळ्या घरांतली तान्ही पत्र्याच्या पाइपाला टांगलेली होती.

त्या वैशाखात तबकडी कित्येक दिवस उताणीच राहिली. पहिल्या दिवशी जावेनं परात बडवली. आम्ही भर उन्हात घामाघूम होऊन कांदे झाकले, आणि वाऱ्याची झुळूकसुद्धा आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा बडवली. मग मजुरीला जाणाऱ्यानं सांगितलं, अहो, डागडुजी चाललीय, रंग देतायत, म्हणून ती तशी ठेवलीय. जावेची सगळ्यांनी एवढी टर उडवली की तिनं परात मांडणीवर उपडी घातली आणि तबकडीकडं बघणंच सोडलं. तिनं सोडलं म्हणून आम्हीही आभाळाकडं बघणं सोडलं. यात त्या तबकडीचा काय दोष? ताऱ्यांसाठी बांधलेल्या यंत्राच्या भरवशावर आम्ही आमचे कांदे टाकले होते.

त्या दुपारी आमचे मालक, म्हणजे पोरीचे वडील, वावरात कांदा निवडत होते. पोरगी झोळीत झोपली होती. आत्या दाराजवळ बसून म्हशीच्या गवताच्या पेंढ्या विळ्यानं कापत होत्या आणि मी आत डाळ निवडत होते. कावळे ओरडायचे एकदम बंद झाले. मी मान वर केली आणि अंगणातलं ऊन पिवळं पडलेलं दिसलं. मी आत्यांकडं बघितलं, आत्यांनी माझ्याकडं. मग लांबून, घाट चढणाऱ्या ट्रकसारखा आवाज यायला लागला.

आत्यांनी दार लोटून कडी घातली आणि तेवढ्यात वारा घराला भिडला. घरात अंधार झाला. पत्र्याच्या फटींतून माती आत यायला लागली, एवढी की दात कचकच वाजायला लागले. पत्रे थडथडत होते. वरचे धोंडे गडगडायला लागले. जे धोंडे पत्रा धरून ठेवण्यासाठी आम्ही स्वतः उचलून वर चढवले होते, तेच आता आमच्या डोक्यावर घरंगळत होते. मी मालकांना हाका मारत राहिले. आणि मग गारा आल्या. पत्र्याच्या घरात गारांचा आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल. शेजारचं माणूस ओरडलं तरी नुसतं त्याचं तोंड हलताना दिसतं.

आत्या उठल्या. हातात विळा होताच. त्या काय करणार ते मला कळलं.

"दार उघडू नगाऽऽ!" मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं नाही.

त्यांनी विळा टाकायला म्हणून कडी काढली आणि वाऱ्यानं दोन्ही फळ्या भिंतीवर आपटल्या. वारा आत शिरला. तो आत शिरल्यावर जाणार कुठं? वर. सगळं छप्पर पाइपांसकट हातभर उचललं गेलं आणि परत भिंतीवर आदळलं. झोळी वर गेली, खाली आली. आतून पोरगी किंचाळली.

मी झोळीवर झेप घातली. पोरगी काढून घ्यावी तर झोळीचं तोंड ताणानं मिटलेलं, गाठोड्यासारखं. माझा हात आत जाईना. मी पोरीला लुगड्यासकट छातीशी आवळलं आणि वरचा कापडाचा पीळ दुसऱ्या मुठीत धरला. मनात एकच, सोडायचं नाही. काही झालं तरी सोडायचं नाही. छप्पर दुसऱ्यांदा उचललं गेलं आणि माझ्या टाचा जमिनीवरून सुटल्या. नंतर मी कितीदा विचार केला, तेव्हा मी सोडलं असतं तर पोरगी गेली असती, आणि धरून राहिले असते तर दोघी गेलो असतो. पण त्या वेळी विचार कुठला! डोळे मिटून मी लोंबकळत होते आणि आईला हाका मारत होते.

माझ्या मुठीवर काहीतरी सपकन लागलं. आग झाली. आणि मी पोरीसकट खाली जमिनीवर आदळले, पाठीवर. डोळे उघडले तर वर घरच नव्हतं, नुसतं काळं आभाळ. त्यातून गारा सरळ तोंडावर येत होत्या.

आत्यांनी मला काखेत हात घालून खाटेखाली ओढलं. त्यांनी लुगडं कापलं होतं. माझ्या मुठीच्या अगदी वर. विळा माझ्या करंगळीला लागून गेला होता आणि हात रक्तानं माखला होता. मला त्याचं भान नव्हतं. खाटेखाली आम्ही तिघी एकमेकींना चिकटून पडलो होतो. गारा खाटेच्या नवारीवर आदळत होत्या. आत्यांनी पोरगी माझ्याकडून काढून घेतली आणि तिला चाचपायला लागल्या. डोकं, मान, हात, पाय. मग परत डोकं. पुन्हा मान. हाड मोडलं का बघतायत, असं मला वाटलं. पोरगी जोरजोरात रडत होती. तिचं रडं मला त्या वेळी एवढं गोड वाटलं की मीही रडायला लागले.

वारा गेला तसा मालक धावत आले. डोक्यावर पाटी उपडी धरलेली, कपाळ फुटलेलं. भिंती उभ्या आणि छप्पर नाही, हे बघून ते दारातूनच आम्हाला हाका मारायला लागले. आम्ही खाटेखालून बाहेर आलो तेव्हा कुठं ते पोरीकडं बघून ओक्साबोक्शी रडले. त्यांना रडताना मी तेव्हाच बघितलं.

त्यानंतर जे व्हायचं ते आमच्याकडं ठरलेलं. माणसं बोलावल्याशिवाय आली. कुणी विचारलं नाही, काय झालं, दिसतच होतं. गडीमाणसं पत्रे शोधायला निघाली. कुणाचा पत्रा कुणाच्या वावरात, कुणाचा विहिरीत. दुसऱ्याचा पत्रा सापडला तर तो त्याच्या दारात नेऊन टाकायचा, ठेवून घ्यायचा नाही. आपला पत्रा प्रत्येकजण पोचे आणि खिळ्यांची भोकं बघून ओळखतो. ज्या दोन घरांची छपरं शाबूत होती त्यांत सगळ्यांची चूल पेटली. चुलत जावेनं माझी करंगळी हळद लावून बांधली आणि ती बांधता बांधता रडत म्हणाली, "म्या परात का न्हाई गं वाजवली!" तबकडी तर आधीपासूनच उताणी होती, तिच्यात नसतंच ते दिसलं.

झोळीचा वरचा तुकडा ओढ्याकाठच्या बाभळीला अडकलेला सापडला. पाइप तिथंच वाकडा होऊन पडला होता. सगळी वस्ती तो बघायला गेली. बाया तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. मग घरी जाऊन प्रत्येकीनं आधी आपल्या घरातली झोळी सोडली. तेव्हापासून आमच्या वस्तीवर वारं दिसलं की परात वाजत नाही. "झोळ्या उतरवाऽऽ!" अशी हाक जाते. या बांधावरून त्या बांधावर. आधी तान्हं खाली, मग कांदा.

माझी करंगळी वाकडी राहिली ती राहिलीच. आणि माझी जीभही. त्या दिवशी आत्यांनी दार उघडलं नसतं तर छप्पर गेलं नसतं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. मी ते वर्षानुवर्षं बोलून दाखवलं. भाकरी थापताना, भांडी घासताना, कुणी करंगळीचं विचारलं की त्यांच्यासमोर. आत्या कधी उलट बोलल्या नाहीत. एवढी तोंडाची बाई, पण याच्यावर गप्प. अजून एक झालं. त्यांनी विळा हातात धरणं सोडलं. गवत कापायचं मी, पेंढ्या कापायच्या मी. विळा ठेवलेल्या कोपऱ्याकडं त्या जायच्याही नाहीत. मला वाटायचं, बरं झालं, वयाच्या नावाखाली कामातून सुटका करून घेतली. माझ्या मनात असंच काहीबाही यायचं.

पुढं आम्ही स्लॅबचं घर बांधलं. मग वारं आलं की वस्तीवरची पत्र्याच्या घरातली माणसं आमच्याकडं यायला लागली. दोन हजारनंतरच्या वर्षांतल्या एका दुपारी असंच झालं. हाक गेली. झोळ्या उतरल्या. बायका-पोरं आमच्या घरात येऊन बसली. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या आणि मी भिंतीला पाठ लावून बसले होते. डोक्यावर सिमेंटचा स्लॅब असूनही माझं लक्ष सगळं वर. चुलत जावेची नवी सून तान्हं घेऊन आली होती. तिनं पंख्याच्या हुकाकडं बघितलं आणि म्हणाली, "काकी, हितं झोळी बांधू का? निजंल ते."

"वर काय बी बांधायचं न्हाई!" मी एवढ्या जोरात ओरडले की तान्हं दचकून रडायला लागलं. ते मी तिच्याकडून काढून घेतलं आणि मांडीवर घेऊन बसले. ती पोर घाबरून माझ्याकडं बघत राहिली. नव्या सुनेला काय माहीत!

बाहेर गारा सुरू झाल्या. माझी मुलगी तेव्हा चौथी-पाचवीत होती. गारांचा आणि विळ्याचा किस्सा तिनं माझ्याच तोंडून हजारदा ऐकलेला, अर्थात माझ्या बाजूनं. ती उठली, कोपऱ्यातून विळा घेऊन आली आणि हसत आत्यांच्या पुढं धरला.

"आजी, टाक की अंगणात. गारा थांबतील."

आत्या मागं सरल्या. पाठीला भिंत लागली तरी सरकतच राहिल्या. चेहरा पांढराफटक पडला. "तो इळा ठिव," त्या म्हणाल्या. "ठिव तो. पोरीच्या हातातला काडून घ्या कुणीतरी."

मी विळा घेतला आणि खाटेखाली सरकवला. मला वाटलं, आता माझ्या टोमण्यांचा हिशेब होणार. पण आत्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्या पोरीकडं बघत होत्या.

"मला दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"काय आत्या?"

"त्या दिवशी. दार उघडलं तशी डोळ्यात माती गेली. दोन्ही डोळ्यांत. काय म्हंता काय दिसत नव्हतं. चाचपत आले तर तुजा खांदा तेवढा हाताला लागला. ही कुठं हाय, वर हाय का खाली हाय, काय बी दिसत नव्हतं. म्या अंदाजानं इळा मारला."

बाहेर गारा पडतच होत्या.

"कापड कापलं का पोर कापली, मला ठावं नव्हतं," आत्या म्हणाल्या. "खाटंखाली घेऊन तिला हातानं बघत व्हते. डोकं हाय का, हात हाय का. रगत लागत व्हतं हाताला. ते तुजं व्हतं, पन मला कुठं ठावं? मला वाटलं, मारली म्या हिला."

मला माझी करंगळी दिसली. एवढी वर्षं मी ती सगळ्यांना दाखवत फिरले होते. मांडीवरचं तान्हं मी उगाचच घट्ट धरलं.

माझी मुलगी आत्यांकडं बघत उभी होती. तिला किती कळलं, कुणास ठाऊक. ती खाली बसली, आजीच्या अगदी पुढ्यात, आणि तिनं दोन्ही हात लांब केले.

"मग मोज की आजी," ती म्हणाली. "मोज आत्ता."

आत्यांनी डोळे मिटून घेतले आणि मोजायला लागल्या. डोकं, मान, हात, पाय. मग परत डोकं.